मोटारसायकलीचे दांते मोजून घ्या

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां १०० सी.सी.ची मोटारसायकल उभी असते. दुधाचे कॅन, पेंडीचें पोतें, प्रसंगीं कडब्याच्या पेंढ्यादेखील तिच्यावरच लादल्या जातात. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों. गाडीच्या साखळीखालचे दांते मात्र कोणी मोजीत नाहीं. आम्हींही मोजले नव्हते, आणि त्यापायीं जें सोसावें लागलें तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

इंजिनाकडील लहान चक्र व मागच्या चाकावरील मोठें चक्र, ह्या दोहोंस गॅरेजांत ‘चेनसॉकेट’ म्हणतात. आमच्या गाडीस पुढें १४ व मागें ४२ दांते होते. म्हणजे लहान चक्राचे तीन फेरे झाले कीं मागचें चाक एकदां फिरे. हें प्रमाण वाढविलें तर ओढ वाढते व वेग घटतो. घटविलें तर त्याच्या उलट होतें. दोन्ही लाभ एकदम मिळत नाहींत.

महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर आम्ही पुरंदर तालुक्यांतील वडिलोपार्जित जमिनींत अंजीर व सीताफळ करूं लागलों. माल घेऊन पुण्यास जातांना दिवेघाट उतरावा लागतो, आणि परततांना पेंड घेऊन तोच चढावा लागतो. एका कारागिरानें सुचविलें, “भाऊसाहेब, पुढं पंधराचं टाका, पेट्रोल वाचंल.” आम्हीं तें मानलें. प्रमाण २.८० वर आलें, सपाट सडकेवर इंजिन शांत चालूं लागलें, आणि आम्ही मनांत खूष झालों.

पुढच्याच खेपेस ५० किलोचें पोतें टाकीवर व धाकटे चिरंजीव पाठीमागें, असे घाट चढूं लागलों. तिसऱ्या गिअरांत गाडी मरूं लागली. दुसऱ्यांतही ती दमली, तेव्हां क्लच अर्धा दाबून आम्ही तिला रेटीत राहिलों. वळणावर जळका वास आला, गाडी थांबली व मागें घसरूं लागली. मागून भरलेला ट्रक येत होता. चिरंजीवांनीं उडी टाकून गाडीस खांदा दिला आणि ट्रकवाल्यानेंही वेळेवर ब्रेक लावला, म्हणूनच हा लेख लिहितां येत आहे. क्लचच्या प्लेटी जळाल्या. त्यांच्या खर्चापुढें वांचलेलें पेट्रोल कांहींच नव्हतें. शिवाय चढावर खालच्या गिअरांत इंजिन ताणावें लागलें म्हणजे तेंही वांचत नाहीं.

मग त्रैराशिक मांडून बसलों. जन्म त्यांतच गेला आहे. पुढचा एक दांता मागच्या सुमारें तीन दांत्यांच्या तोलाचा असतो. पुढें १३ घातले तर प्रमाण ३.२३ होतें व मूळच्याहून ओढ सुमारें ८ टक्के वाढते. परंतु त्याच वेगास इंजिनाचे फेरेही तितकेच वाढतात, आणि लहान चक्रावर साखळीस आंखूड वळण घ्यावें लागत असल्यानें ती लौकर झिजते. पुढें १४ च ठेवून मागें ४४ घातले तर प्रमाण ३.१४ येतें, ओढ मूळच्याहून सुमारें ५ टक्के व त्या पंधराच्या मानानें १२ टक्के अधिक. आम्हीं हेंच पत्करलें.

दोन दांते वाढल्यानें मागचें चाक सुमारें ६ मिलिमीटर पुढें सरकवावें लागतें. तेवढी जागा नसेल तर साखळी लांब घ्यावी. साखळीवर ४२८ आंकडा असेल तर ४२० ची घेऊं नये. दोहोंच्या कड्यांचें अंतर अर्धा इंचच असतें, परंतु दुसरी अरुंद असल्यामुळें जाड दांत्यावर बसत नाहीं. जुन्या साखळीखालीं नवीं चक्रें घालणें म्हणजे तीं फुकट घालविणें होय. ज्या गाड्यांचा वेगमापक पुढच्या चाकावरून चालतो त्यांचा आंकडा बदलत नाहीं. गिअरपेटीवरून चालणारा मात्र ह्या बदलानें सुमारें ५ टक्के अधिक वेग दाखवील.

सपाटीवर एकटादुकटा फिरणाऱ्यानें कारखान्यानें दिलेलींच चक्रें ठेवावीं. ओढ कमी वाटली तरी आधीं टायरची हवा, एअर फिल्टर, क्लचची तार व ब्रेक अडकून राहतो कीं काय, हें पाहावें. एवढें करूनही लादलेली गाडी नेहमींच्या चढावर दुसऱ्या गिअरांत दम सोडत असेल, तरच पाना हातीं घ्यावा. साखळी बसविल्यावर चाक फिरवून ती जेथें सर्वांत ताठ असेल तेथें ढिलाई तपासावी. बहुतेक लहान गाड्यांस सुमारें एक इंच चालते, तथापि आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला आंकडा प्रमाण मानावा.