एकच सीख, दोन दुकाने : कुलाबा आणि नागपाडा

मुंबईत कबाबाच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्याला दोन पत्ते कोणी ना कोणी सांगतोच. एक कुलाब्यात ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीतले ‘बडे मियाँ’, दुसरा नागपाड्याच्या नाक्यावर पोलीस ठाण्यासमोरचे ‘सारवी’. दोन्हीकडे माल तोच: खिमा, लोखंडी सीख आणि कोळशाचा अंगार. हिशेब मात्र इतका वेगळा, की एकाचे गणित दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसत नाही. कोणाचा कबाब सरस, या वादात आम्ही पडणार नाही. तो वाद मुंबईत रात्रभर चालतो आणि सकाळी पुन्हा सुरू होतो. आपण धंद्याचे पाहू.

बडे मियाँची सुरुवात १९४६ ची. लहान वयात बिजनोरहून मुंबईला आलेल्या मोहम्मद यासीन यांनी मुर्शिदांनी दिलेल्या २० रुपयांवर रस्त्याच्या कडेला सीख कबाब मांडले, असे सांगितले जाते. दाढीमुळे लोक त्यांना बडे मियाँ म्हणू लागले आणि तेच दुकानाचे नाव झाले. धंदा रात्रीचा. गिऱ्हाईक गाडी लावतो आणि तिच्या बॉनेटवर कागद पसरून खातो. म्हणजे टेबलखुर्चीचे भांडवल कित्येक वर्षे गिऱ्हाइकानेच घरून आणले! जागा अशी मोक्याची, की हॉटेलात उतरलेला परदेशी पाहुणा, गेटवे पाहायला आलेले कुटुंब आणि उशिरा सुटलेला नोकरदार सगळे तिथेच येतात. अशा टोळक्यात एखादा गोश्त न खाणारा असतोच. त्याच्यासाठी पनीर टिक्का आला, त्याच्या जोडीला बैदा रोटी आणि कोंबडीचे प्रकार आले. पुढे बसून खाण्याची सोय झाली, फोर्टातही जागा घेतली. थोडक्यात, सीख कबाबाने मिळवलेले नाव आता इतर पदार्थही विकते. नाव मोठे झाले की कागदही तपासले जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने परवाना आणि स्वच्छतेच्या मुद्द्यावर इथले काम थांबवायला लावले, ती बातमी देशभर गेली. आज हातगाडीवाल्यालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. आपल्यातल्या किती जणांनी ती केली आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

सारवीची रीत उलटी. हे स्वातंत्र्याआधीपासूनचे इराणी हॉटेल. दारावर पाटी नाही, तरी पत्ता चुकत नाही. जवळच क्लेअर रोडवर अडेल्फी चेंबर्समध्ये सआदत हसन मंटो राहत असत आणि त्यांचे नाव या हॉटेलशी जोडले जाते. इथे नाव आहे ते एकाच गोष्टीचे: पुदिना घातलेली सीख, सोबत रोटी आणि कांदा. गिऱ्हाईक बहुतेक रोजचा. आजूबाजूचा कारागीर, दुकानातला नोकर, टॅक्सीवाला. तो कार्ड वाचत नाही, बसताच मागतो.

खरा फरक गोश्तात आहे. कुलाब्यात मटण आणि कोंबडी चालते. सारवीची सीख बड्याची, म्हणजे म्हशीच्या गोश्ताची. बड्याचा दर मटणाच्या निम्म्याहूनही कमी असतो, म्हणूनच रोजच्या गिऱ्हाइकाला परवडतो. पण एक किलो खिमा अंगारावर गेला की पाण्याचे आणि चरबीचे मिळून साधारण पाव किलो वजन उडून जाते. ही घट दोघांनाही चुकत नाही. महाग मटणात ती रुपयांत जास्त बसते, तरी बिलात घालता येते. स्वस्त मालात रुपयांत कमी बसते, पण गिऱ्हाईक एकेक रुपया मोजणारा असल्याने भाव वाढवायला जागा राहत नाही.

म्हणून जनावरांच्या बाजारातला प्रत्येक धक्का नागपाड्याच्या बाजूला आधी लागतो. मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा राज्यात लागू झाला आणि बैलही बंद झाले. म्हैस-रेड्याला मुभा राहिली, पण सगळी मागणी त्यांच्यावर येऊन पडली. २०२५ च्या पावसाळ्यात जनावरांच्या गाड्या अडवण्याच्या त्रासाला कंटाळून राज्याच्या अनेक भागांतल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद ठेवली. ज्याच्या पदार्थांच्या यादीत पनीर आणि कोंबडी आहे, तो असे दिवस कसेबसे काढतो. ज्याची ओळखच एका सीखेची, त्याने काय करावे?

त्यात आता कोळशाचा प्रश्न. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. पाठोपाठ महापालिकेने कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांना आणि ढाब्यांनाही वीज किंवा गॅसकडे वळण्यास सांगितले आणि ८ जुलैची मुदत घातली. इथे पारडे थोडे फिरते. पाइपचा गॅस पक्क्या जागेत येतो, फुटपाथवर येत नाही. तेव्हा चार भिंती असलेल्या दुकानदाराला सोय सोपी आणि रस्त्यावरच्या शेगडीवाल्याला अवघड, मग त्याचे नाव कितीही मोठे असो.

पण सोय म्हणजे चव नव्हे. सीखेतली चरबी अंगारावर ठिबकते, तिचा धूर उठतो आणि तोच खिम्याला लागतो. विजेच्या शेगडीत आच मिळते, पण तो धूर मिळत नाही. शिवाय कारागिराचा हात कोळशावर बसलेला असतो. ओल्या हाताने खिमा किती जाड थापायचा, राख कधी झटकायची, पंखा कुठे मारायचा, सीख कोणत्या क्षणी फिरवायची, हे सारे त्या आगीकडे पाहून ठरते. नव्या शेगडीवर हा हात बसेपर्यंत काही सीखा कच्च्या राहतील, काही सुटून खाली पडतील. तेवढ्या दिवसांचा वाया जाणारा खिमा मालकाच्या खात्यावर की कारागिराच्या मजुरीतून, हे दोघांनी शेगडी विकत घेण्याआधीच बोलून ठेवावे.