पैसा आपल्या बँकेत, वाट दुसऱ्याची

सहकाराची खतावणी : लेखांक ११

गेल्या आठवड्यात आपण सातारा आणि सांगली या दोन शहरांनी आपापली बँक कशी गमावली ते पाहिलं. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९३६ मध्ये उभी केलेली युनायटेड वेस्टर्न बँक २ सप्टेंबर २००६ रोजी निर्बंधांखाली आली आणि महिनाभरात, ३ ऑक्टोबरला, आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ ची सांगली बँक १९ एप्रिल २००७ रोजी आयसीआयसीआय बँकेत गेली. दोन्ही ठिकाणी भांडवल अपुरं पडलं, हे उघड आहे. पण त्या विलीनीकरणांनंतर दोन्ही जिल्ह्यांचा रोजचा पैसा सांभाळायला ज्या बँका उरल्या, म्हणजे जिल्हा मध्यवर्ती बँका आणि गावोगावच्या नागरी सहकारी बँका, त्यांच्यापुढचा आजचा प्रश्न भांडवलापेक्षा वेगळा आहे. ठेवी आहेत, सभासद आहेत, शाखा आहेत. ग्राहकाचा पैसा हलतो तो मात्र दुसऱ्याच्या वाटेने. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे, की लहान बँकेने पेमेंट सेवेकडे कमाईचा धंदा म्हणून पाहू नये. ठेव टिकवण्याचा आणि कर्जदार ओळखण्याचा तो खर्च आहे, आणि हा खर्च एकेकटीने करण्यासारखा नाही.

पैसे पोहोचवणं हे काम बँकांना नवं नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा परप्रांतात जाऊ लागला, तेव्हा पैसा गावी आणण्याची सोय लागलीच. डिमांड ड्राफ्ट, मेल ट्रान्सफर, बाहेरगावच्या चेकची वसुली, हुंडीची वटणावळ ही सगळी पेमेंट सेवाच होती आणि तिच्यावर कमिशन मिळत असे. शिवाय ड्राफ्ट काढल्यापासून तो वटेपर्यंत मधल्या दिवसांत ती रक्कम बँकेकडे बिनव्याजी पडून राहायची, तो फायदा वेगळाच. उसाचं बिल कारखान्याकडून जिल्हा बँकेत आणि तिथून सोसायटीच्या कर्जाची कपात होऊन शेतकऱ्याच्या खात्यात येतं, ही साखळीही मुळात पेमेंटचीच. तिच्यात पैशाची वाट बँकेच्या ताब्यात होती, म्हणून कर्जवसुलीही तिच्या ताब्यात होती. बिल वळतं करण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्याला वसुलीसाठी दारोदार हिंडावं लागत नाही.

आता आजची वाट पाहू. विट्यातल्या एखाद्या किराणा दुकानात गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करून १८० रुपये देतं. त्याचं खातं नागरी सहकारी बँकेत आहे, पण फोनवरचं ॲप एका मोठ्या खासगी कंपनीचं आहे. पिन टाकला की निरोप ॲपशी जोडलेल्या मोठ्या बँकेकडे जातो, तिथून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या स्विचकडे, तिथून आपल्या सहकारी बँकेच्या वतीने काम करणाऱ्या तंत्रज्ञान कंपनीच्या यंत्रणेकडे आणि तिथून बँकेच्या कोअर बँकिंगकडे. खात्यात शिल्लक असेल तर १८० रुपये वजा होतात, होकार त्याच वाटेने परत फिरतो आणि दुकानदाराच्या बँकेत रक्कम जमा होते. दुकानातला स्पीकर पैसे मिळाल्याचं बोलून मोकळा होतो. या सगळ्या फेऱ्यात सहकारी बँकेचं काम किती, तर ‘शिल्लक आहे’ असं सांगायचं आणि रक्कम वजा करायची. मधे कुठे यंत्रणा अडखळली, तर पडद्यावर झळकतं की तुमच्या बँकेचा सर्व्हर बंद आहे. श्रेय ॲपला आणि बोल बँकेला, अशी ही वाटणी आहे. दोन-चारदा दुकानात चारचौघांत पैसे अडकले, की गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेचं खातं ॲपला जोडतं आणि त्या खात्यात शिल्लक ठेवू लागतं. जुनं खातं बंद करायला कुणी येत नाही, ते नुसतं रिकामं होत जातं. शाखाधिकाऱ्याच्या हे ध्यानात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

शिल्लक जाते ती दिसते तरी. दुसरी गोष्ट जाते ती दिसतही नाही. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी पेठेतून फिरायचा, हातातल्या छोट्या यंत्रातून पावती फाडून द्यायचा, तेव्हा तो पन्नास-शंभर रुपयांबरोबर बाजाराची खबरही बँकेत आणायचा. कुणाचं दुकान चाललंय, कुणी दोन दिवस फळी उघडली नाही, कुणी पिग्मी शंभरावरून वीसवर आणली, हे कर्ज समितीला कागदपत्रांआधी कळायचं. आज ही खबर दुकानातल्या क्यूआर कोडमध्ये साठते आणि ज्याचा कोड, त्याच्याकडे जाते. दुकानदाराची रोजची उलाढाल, सणासुदीची चढ, आषाढातली मंदी हे सगळं ॲप कंपनीला ताशी माहीत असतं, आणि म्हणून त्याच ॲपवर त्या दुकानदाराला विनातारण कर्जाचा देकार येतो. व्याजाचा दर सहकारी बँकेपेक्षा चढा असला तरी दोन मिनिटांत पैसे मिळतात म्हणून तो घेतलाही जातो. सहकारी बँक त्याच माणसाकडे तीन वर्षांचे ताळेबंद आणि दोन जामीनदार मागत बसते. तिच्याजवळ पूर्वी जे ज्ञान होतं ते गेलं, म्हणून ती कागद मागते.

यावर पहिला आक्षेप हिशेबाचा आहे आणि तो खोटा नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरच्या व्यवहारांना व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. २०२४-२५ या वर्षात देशात १८,५८७ कोटी यूपीआय व्यवहार झाले, रक्कम २६१ लाख कोटी रुपये. म्हणजे सरासरी व्यवहार १,४०० रुपयांचा. छोट्या दुकानदाराच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर केंद्र सरकारने त्या वर्षासाठी ०.१५ टक्का प्रोत्साहन मंजूर केलं. शंभर रुपयांमागे पंधरा पैसे, आणि त्यात दुकानदाराची बँक, गिऱ्हाईकाची बँक, ॲप आणि ॲपची बँक असे वाटेकरी. उलट बाजूला स्विचचं भाडं, सायबर सुरक्षेचा खर्च, तक्रारींसाठी माणसं, आणि रविवारी-सणावारीही व्यवहार चालू राहावेत म्हणून प्रायोजक बँकेकडे, म्हणजे जिच्यामार्फत पेमेंटच्या जाळ्यात शिरायचं त्या मोठ्या बँकेकडे, अडकवून ठेवावी लागणारी रक्कम. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार लहान बँकेने का करावा? उत्तर बँकेच्या ताळेबंदातच आहे. बचत आणि चालू खात्यातली शिल्लक हा बँकेचा सर्वांत स्वस्त पैसा. तो निघून गेला की त्याच्या जागी मुदत ठेव घ्यावी लागते आणि तिच्यावर दुपटीहून जास्त व्याज द्यावं लागतं. पेमेंटवर झालेला तोटा वेगळ्या खतावणीत मांडला तर भयंकर दिसतो; स्वस्त ठेवी टिकल्याचा फायदा त्याच पानावर मांडला तर चित्र बदलतं. बहुतेक संचालक मंडळं पहिलं पान पाहतात आणि दुसरं कुणी मांडतच नाही.

नुसतं पेमेंट हाच धंदा करायला निघालेल्यांची गत काय झाली, हेही पाहायला हवं. ऑगस्ट २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ११ अर्जदारांना पेमेंट्स बँक काढायला तत्त्वतः मंजुरी दिली. या बँकांना कर्ज द्यायची मुभा नाही आणि ठेवीवर मर्यादा, ती आधी एक लाख आणि २०२१ पासून दोन लाख. अनेकांनी सुरुवातीलाच माघार घेतली. सर्वांत गाजलेल्या पेटीएम पेमेंट्स बँकेवर नियमभंगांवरून जानेवारी २०२४ मध्ये नव्या ठेवी न घेण्याचे निर्बंध आले. पैसा वाहून नेण्यात पोट भरत नाही. तो नेता-आणता जी ओळख होते तिच्यावर कर्ज देता आलं, तरच हिशेब जुळतो. कर्ज देण्याचा परवाना सहकारी बँकांकडे पहिल्यापासून आहे.

आणि गिऱ्हाईक ओळखून पेमेंटची सोय करायची म्हणजे काय, याचं उदाहरण शोधायला सातारा जिल्ह्याबाहेर जायला नको. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी ग्रामीण बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायकांनी सह्यांच्या जागी अंगठे उठवले होते. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या, व्याजाचं गणित तोंडी सोडवून दाखवायची तयारी त्यांनी दाखवली आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मजुरी बुडवून बँकेत येणं परवडत नाही म्हणून बँक दाराशी गेली. पासबुक घरात सापडलं की नवरा पैसे मागतो, म्हणून कार्डाची कल्पना पुढे आली. पुढे डिजिटल व्यवहारांत पिन आला, तेव्हा याच बायकांनी हरकत घेतली: पिन कुणीही धाकाने काढून घेईल, अंगठा कुठून काढून घेणार? ज्या अंगठ्यापायी अर्ज फेटाळला गेला, त्याचीच मागणी बायकांनी कुलूप म्हणून केली. आधारवर चालणाऱ्या अंगठ्याच्या व्यवहारांतही फसवणुकी होतात, हे खरं. पण मुद्दा तंत्राचा नाही. मुंबई-बंगळुरूत बसून ॲप रचणाऱ्याला घरातला चोर सुचत नाही, तो माणच्या बाईला पहिल्यांदा सुचतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून चोरट्यांनी बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले. हाँगकाँगला वळवलेली रक्कम धरून ९४ कोटींचा फटका बसला. कॉसमॉस ही मोठी बँक, ती सावरली. दहा शाखांच्या बँकेला असा घाव सोसणार नाही. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीचा सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांना खबरदारी म्हणून किरकोळ पेमेंट यंत्रणेपासून तोडावं लागलं. चूक एकाही बँकेची नव्हती, गिऱ्हाईकं मात्र सगळ्यांची अडकली. याचा अर्थ लहान बँकांनी या भानगडीत पडू नये, असा काढणारे बरेच आहेत. मला तो पटत नाही. ग्राहक पेमेंट करणारच, ते बँकेने बंद ठेवून थांबत नाही. आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये वाट बंद असली की काय होतं, ते जिल्हा बँकांनी अनुभवलं आहे. नोटाबंदीनंतर आठवड्याच्या आत त्यांना जुन्या नोटा स्वीकारायला आणि बदलून द्यायला मनाई झाली, रब्बीच्या ऐन पेरणीत शेतकऱ्याचा पैसा खात्यात असून नसल्यासारखा झाला. सांगलीसह राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडच्या सुमारे ११२ कोटींच्या नोटांचा वाद तर त्यानंतर वर्षानुवर्षं चालला. रोखीवर सगळी भिस्त ठेवणं हीसुद्धा जोखीमच आहे, फक्त ती जुनी असल्यामुळे भीती वाटत नाही.

या पेचातून जर्मनीतल्या गावोगावच्या बचत बँका शंभर वर्षांपूर्वी बाहेर पडल्या. तिथल्या श्पारकासे नगरपालिकांच्या, लहान आणि मुख्यतः बचत घेणाऱ्या. १९०८ च्या कायद्याने त्यांना चेकच्या व्यवहारांची दारं उघडली, आणि सॅक्सनीतल्या नोसेन या छोट्या गावचे महापौर योहान क्रिस्टियान एबर्ले यांनी त्यांना एकत्र आणून खात्यातून खात्यात पैसे पाठवण्याचं जाळं उभारलं. प्रत्येक बँक आपापल्या गावची राहिली, पैसे फिरवणारी यंत्रणा मात्र सगळ्यांच्या मालकीची. त्या बँका आजही टिकून आहेत.

आपल्याकडे यंत्रणा सामायिक आहे, मालकी नाही. अनेक सहकारी बँकांच्या पासबुकावरचा आयएफएससी पाहा; पहिली चार अक्षरं आयबीकेएल, एचडीएफसी किंवा आयसीआयसी अशी दिसतात, कारण पेमेंटच्या जाळ्यात त्या या मोठ्या बँकांच्या उपसभासद आहेत. साताऱ्याची आणि सांगलीची बँक ज्यांनी गिळली, त्यांच्याच नावाने सहकारी बँकांचे पैसे फिरतात. भाड्याच्या वाटेला माझी हरकत नाही. पण तीन-तीन कंपन्यांशी वेगवेगळे करार करून, कुणाकडे कोणती माहिती जाते हे न विचारता चाललेल्या भाडेपट्ट्याला आहे. मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांची राष्ट्रीय शिखर संस्था सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सहकार डिजी-पे’ हे ॲप आलं. या ॲपने फोनपे-गुगल पेचा यूपीआयमधला सुमारे ऐंशी टक्क्यांचा वाटा हलेल, असं मला वाटत नाही. ती लढाई संपली आहे. शिखर संस्थेचं खरं काम पडद्यामागचं आहे. सामायिक आणि तपासलेला स्विच, सामायिक सुरक्षा पथक, आणि सर्वांत आधी दुकानदाराच्या टेबलावर आपल्या बँकेचा क्यूआर कोड. गिऱ्हाईक कुठल्याही ॲपने पैसे देवो, कोड आपला असेल तर उलाढाल आपल्याला दिसते.

राहता राहिला तिसरा आक्षेप: पैसे पाठवणं इतकं सोपं केलं तर घबराटीत ठेवीही एका रात्रीत पळतील. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायची धाव लागली होती, हे खरंच. पण २०२० मध्ये परवाना गमावलेल्या कराड जनता बँकेला किंवा २०२२ मध्ये गमावलेल्या शिराळ्याच्या बँकेला मोबाइलने बुडवलं नाही. कर्जं बुडाली म्हणून बँका बुडाल्या. पाच लाखांपर्यंतचा विमा २०२० पासून आहे, त्यामुळे लहान ठेवीदाराला पळायचं कारणही कमी.

सप्टेंबरपर्यंत तुमच्या बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. लाभांशाचा टक्का सगळेच विचारतात. या वर्षी सभासद म्हणून आणखी तीन आकडे मागा: बँकेच्या यंत्रणेमुळे किती यूपीआय व्यवहार फसले, किती दुकानांत बँकेचा स्वतःचा क्यूआर कोड लागला, आणि चालू-बचत ठेवींचं प्रमाण पाच वर्षांत किती घसरलं. आकडे अहवालात नसतील तर पुढच्या वर्षी छापण्याचा ठराव मांडा. एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो.

(पुढील आठवड्यात : पतसंस्था आणि बँक यांच्यातली कुंपणं)