आपले संकेतस्थळ आपणच बांधू या

आमच्या छंदमंडळाचे एक संकेतस्थळ होते. आधीच्या एका बॅचने ते मेहनतीने उभे केले होते. पक्ष्यांच्या नोंदी, ट्रेकची वर्णने, मराठी पानावरचे लेख असे सारे त्यावर होते. ते सांभाळणारा कॅडेट बारावी होऊन गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. सर्व्हरचे भाडे थकले आणि एके दिवशी पान उघडेचना. सगळे लेख डेटाबेसमध्ये होते आणि त्याची प्रत कोणाकडेच नव्हती. छापील अंकांत होते तेवढेच वाचले.

यंदा ते पुन्हा बांधायचे ठरले, तेव्हा सरांनी एकच अट घातली. आपण शाळा सोडून गेल्यावरही ते चालले पाहिजे. या अटीला उतरणारा मार्ग आम्हाला सापडला, तो म्हणजे स्टॅटिक साइट जनरेटर.

हे काय असते ते आपल्या मेसवरून समजून घेऊ. हॉटेलात आपण ऑर्डर देतो आणि मग आचारी पदार्थ करायला घेतो. पुष्कळ संकेतस्थळे अशीच चालतात. वाचक आला की सर्व्हरवरचा प्रोग्राम डेटाबेसमधून मजकूर काढतो, साच्यात बसवतो आणि पान तयार करून देतो. मेसमध्ये मात्र स्वयंपाक आधीच झालेला असतो, फक्त वाढायचे असते. स्टॅटिक संकेतस्थळाची पानेही आधीच तयार करून ठेवलेली असतात. सर्व्हरला ती नुसती द्यायची असतात. त्यामुळे पान लवकर उघडते, डेटाबेस बिघडण्याची भीती नसते आणि घुसखोरांना शिरायला वाटाही कमी राहतात. टिम बर्नर्स-ली यांचे १९९१ मधले जगातले पहिले संकेतस्थळ असेच साध्या पानांचे होते.

मग जनरेटर कशाला? समजा चाळीस पाने आहेत आणि प्रत्येकावर तीच यादी आहे. यादीत एक शब्द बदलायचा तर चाळीस ठिकाणी हात घालावा लागेल. जनरेटर मजकूर वेगळा ठेवतो आणि साचा वेगळा. एक कमांड दिली की दोन्ही जोडून सगळी पाने नव्याने तयार करतो. २००८ साली आलेला जेकिल आणि २०१३ साली आलेला ह्यूगो ही त्यांतली दोन प्रसिद्ध नावे. दोन्ही मोफत आहेत. आम्ही ह्यूगो घेतला, कारण तो एकाच फाइलचा प्रोग्राम आहे आणि शेकडो पाने काही क्षणांत तयार करतो.

काम या क्रमाने होते.

१. नवे संकेतस्थळ सुरू करण्याची कमांड दिली की ह्यूगो फोल्डरांचा संच तयार करतो. त्यात एखादी तयार थीम ठेवायची. थीम नसेल तर पान कोरे दिसते.

२. लेख ‘कंटेंट’ फोल्डरमध्ये मार्कडाउन पद्धतीने लिहायचा. ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणली. ओळीच्या आरंभी # दिले की शीर्षक होते, शब्दाच्या दोन्ही बाजूंना  ** दिले की तो ठळक होतो. शिकायला एक प्रेप पुरे.

३. ‘ह्यूगो सर्व्हर’ ही कमांड दिली की संकेतस्थळ आपल्याच संगणकावर, १३१३ या पोर्टवर दिसू लागते. फाइल सेव्ह केली की पान लगेच बदलते. ही आपली रंगीत तालीम.

४. शेवटी नुसती ‘ह्यूगो’ ही कमांड. तयार पाने ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये येतात. ती गिटहब पेजेससारख्या मोफत सेवेवर चढवली की झाले. गिटहबवर खाते उघडायला वयाची १३ वर्षे पूर्ण हवीत, म्हणून धाकट्या कॅडेटांनी लेख लिहावेत आणि खाते शिक्षकांच्या हाती असावे.

आमचे कुठे अडले तेही सांगतो. पहिला लेख चढवला, तरी तो दिसेना. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर शीर्षक, तारीख आणि ‘ड्राफ्ट’ अशा नोंदी असतात. ड्राफ्टपुढे ‘ट्रू’ असेल तर ह्यूगो तो लेख प्रसिद्ध करत नाही. तारीख पुढची असली तरीही नाही. मग सेटिंगमध्ये संकेतस्थळाचा पत्ता चुकला आणि साऱ्या पानांची रंगसंगती गेली. सर्वांत मोठी अडचण मराठीची होती. जुने लेख छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये होते, ते चिकटवल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसली. ते सगळे युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासावे लागले. फाइलींची नावेही रोमन अक्षरांत ठेवली, कारण देवनागरी नाव पत्त्यात आले की कॉपी करताना त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक ओळ होते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. लॉगिन, गुणपत्रक किंवा सतत बदलणारी माहिती हवी असेल तर ही पद्धत अपुरी पडते. अंक, लेख आणि नोंदी यांसाठी मात्र ती पुरेशी आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपली शाळा सैनिकी आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. चढवण्यापूर्वी ते काढून टाका. कॅडेटांचे पूर्ण नाव, घरचा पत्ता, रोजचे वेळापत्रक, कॅम्पचे ठिकाण यांतले काहीही पानावर नको. गिटहबवर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. आज खोडलेला फोटो जुन्या नोंदीत सापडू शकतो. म्हणून आमचा नियम असा आहे की तालमीतले पान आधी शिक्षक पाहतात, त्यांनी होकार दिला तरच ते प्रसिद्ध होते.

आता आमचे सारे लेख साध्या मजकुराच्या फाइलींत आहेत. त्यांची एक प्रत शाळेच्या संगणकावर आहे आणि एक पेनड्राइव्हवर ग्रंथालयात. मार्चमध्ये आम्ही नववीच्या मुलांना चार्ज देऊ, तेव्हा पासवर्डचे पाकीट सरांकडे असेल आणि फोल्डरमध्ये ‘आधी हे वाचा’ नावाची एक पानाची फाइल असेल. ती वाचून एका नववीच्या कॅडेटने परवा आमच्या मदतीशिवाय गावातल्या तळ्यावरच्या पाणकावळ्यांची नोंद लिहिली आणि तालमीत दाखवली. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. सरांनी त्या दुरुस्त करायला लावल्या आणि पान प्रसिद्ध झाले.