वसईचा दुभाषा

धायरीकरांस बलिदानाचा अर्थ नव्याने सांगावयास नको. जवळच्या सिंहगडावर १६७० साली तानाजी मालुसरे पडले, ती कथा येथील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु शस्त्र हाती न घेता मरण पत्करणाऱ्यासही आपण हुतात्मा म्हणतो, ते कोणत्या अर्थाने? ख्रिस्ती परंपरेत यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘साक्षीदार’ असा होतो. रोमन साम्राज्यात पहिल्या तीन शतकांत ज्यांनी श्रद्धा सोडण्याऐवजी प्राण दिले, त्यांस हे नाव मिळाले. त्याच मालिकेतील एक पुरुष आपल्या कोकणातला आहे. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली. तेथे १५५७ च्या सुमारास गोन्सालो जन्मला. बाप पोर्तुगीज, आई वसईकडचीच. जेझुइट पाद्र्यांपाशी तो शिकला व कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथील भाषा त्याने उत्तम आत्मसात केली. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र फळास आली नाही. पुढे त्याने व्यापार केला, आणि अखेर मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा सेवक बंधू म्हणून.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने १५९३ मध्ये पेद्रो बातिस्ता या पाद्र्यास वकील म्हणून धाडले. दुभाषा होता गोन्सालो. ही मंडळी नंतर क्योतोस राहिली व महारोग्यांची शुश्रूषा करू लागली.

पाद्र्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७ सालीच काढला होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागले आणि पाद्र्यांच्या मागोमाग फौजा येतात हा संशय बळावला. संशय अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. क्रूस आणि तोफ एकाच गलबतातून उतरल्याचे कोकणानेही पाहिले आहे. पण शिक्षा झाली ती तोफवाल्यांस नव्हे. पकडलेल्यांत बहुतेक जपानीच होते. एक तर बारा वर्षांचा मुलगा. क्योतोस त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. ऐन हिवाळ्यात महिनाभर त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथील टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांस क्रुसांवर जखडून भाल्यांनी भोसकले. त्यांत गोन्सालो होता.

दुभाष्याचे काम दुसऱ्याचे शब्द पोहोचविण्याचे. त्या टेकडीवर सांगावयास दुसऱ्या कोणाचा निरोप उरला नव्हता. तेथे त्याने दिली ती स्वतःची साक्ष. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांस संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला संत.

वसई म्हटले की पुणेकरांस १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा विजय आठवतो, आणि तो आठवावाच. पण त्याच किल्ल्याच्या परिसरात वाढून, कोणावरही हात न उगारता, परक्या देशात आपल्या शब्दाला जागलेला हा माणूसही आपलाच आहे. धर्म कोणताही असो, साक्ष देणाऱ्याची किंमत ओळखणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य होय.