दातांची रांग आणि हसण्याचा संकोच

हसताना तोंडावर हात धरणारी एखादी तरी मुलगी, किंवा छायाचित्राच्या वेळी ओठ घट्ट मिटून उभा राहणारा एखादा तरी मुलगा, प्रत्येक शिक्षकाच्या पाहण्यात आलेला असतो. पुष्कळदा त्यामागे पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले किंवा विरळ दात हे कारण असते. असे दात योग्य जागी आणणाऱ्या उपचारास दंतव्यंगोपचार म्हणतात. बोलीत त्याला ‘दातांना तार लावणे’ असे सुटसुटीत नाव मिळाले आहे. या उपचाराने दात सरळ होतात याविषयी शंका नाही. परंतु दात सरळ झाले म्हणजे माणसाचे स्वतःच्या हसण्याविषयीचे मत बदलतेच काय, हा प्रश्न वेगळा असून त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय थर असतो. तारेच्या साहाय्याने दातावर हलका व सतत जोर दिला असता ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड हळूहळू विरघळते आणि ज्या बाजूस ताण पडतो तेथे नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात महिन्याला साधारणतः एक मिलिमीटर या गतीने सरकतो. जोर वाढविला म्हणजे काम लवकर होईल ही समजूत चुकीची आहे. अतिरिक्त दाबाने त्या जागेचा रक्तपुरवठा खुंटतो, दाताचे सरकणे उलट मंदावते आणि मुळास इजा पोहोचण्याचा संभव असतो. म्हणूनच संपूर्ण उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. तार निघाल्यानंतरही दात जुन्या जागेची ओढ सोडत नाही. तो परतू नये म्हणून ‘रिटेनर’ नावाची पट्टी दीर्घकाळ वापरावी लागते. याविषयी रुग्णांना पुरेशी कल्पना नसते आणि दोन वर्षांचा खर्च व कष्ट थोड्याशा आळसापायी वाया जातात.

या शास्त्राला आजचे रूप देण्यात अमेरिकेतील एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) यांचा मोठा वाटा आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ हा आधार धरून त्यांनी १८९९ मध्ये दातांच्या सदोष मांडणीचे तीन वर्ग पाडले. ते वर्गीकरण आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यास प्रथम शिकविले जाते. अँगल यांच्या दृष्टीने चेहऱ्याच्या सौंदर्याचा नमुना म्हणजे अपोलो या ग्रीक देवतेचा प्रसिद्ध पुतळा होता. संगमरवरी पुतळ्याची मापे जिवंत माणसांना लावण्याचा हा प्रकार आज चमत्कारिक वाटेल. पण आदर्श हसू कसे असावे हे रुग्णाला न विचारता ठरविण्याची प्रवृत्ती या शास्त्रात पुढे बराच काळ टिकून राहिली, हे मान्य केले पाहिजे.

तज्ज्ञाची नजर आणि रुग्णाचा आरसा

तज्ज्ञाला जे व्यंग दिसते ते सामान्य माणसाला दिसतेच असे नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे व्हिन्सेंट कोकिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हसऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांत मुद्दाम थोडे थोडे फेरफार करून ती दंतव्यंगोपचारतज्ज्ञ, सर्वसाधारण दंतवैद्य आणि सामान्य लोक यांना दाखविण्यात आली. वरच्या दातांची मध्यरेषा चार मिलिमीटर बाजूस सरकली तेव्हा ती तज्ज्ञांच्या लक्षात आली. सामान्य लोकांच्या लक्षात ती तेवढी सरकूनही आली नाही. उलट पुढचे दात दोन मिलिमीटर कलते झाले तर ते सामान्य लोकांनाही खटकले. ज्या दोषाच्या दुरुस्तीसाठी कित्येक महिने वेचले जातात तो कदाचित कोणाच्या दृष्टीसही पडत नसेल, आणि रुग्णाच्या मनाला लागून राहिलेली गोष्ट तज्ज्ञाच्या तपासणीत किरकोळ ठरत असेल, असा याचा अर्थ होतो.

रुग्ण स्वतःला पाहतो तो बहुधा आरशात. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही स्त्रियांना त्यांच्याच छायाचित्राच्या दोन प्रती दाखविण्यात आल्या. एक नेहमीची, तर दुसरी आरशातल्यासारखी डावी बाजू उजवीकडे आलेली. स्त्रियांनी स्वतः आरशातली प्रत अधिक पसंत केली, तर त्यांच्या निकटच्या माणसांनी नेहमीची. ज्याला जे रूप रोज दिसते ते त्याला आवडते, असे या प्रयोगाचे तात्पर्य मानले जाते. स्वतःचे छायाचित्र पाहून ‘मी अशी दिसते?’ असे जिला वाटते, तिच्या दातांत दोष असेलच असे नाही, एवढे यावरून ध्यानात येईल.

शिवाय सौंदर्याच्या कल्पना देशोदेशी निराळ्या आहेत. समोरच्या दोन दातांमधील फट आपल्याकडे अनेक जण भाग्याची मानतात. फ्रान्समध्ये तर अशा दातांना ‘सुखाचे दात’ असेच नाव आहे. जपानमध्ये किंचित पुढे आलेले सुळे तरुणींच्या चेहऱ्यावर गोड दिसतात असे मानणारे लोक असल्याने, २०११ च्या सुमारास काही तरुणी तसे कृत्रिम सुळे मुद्दाम बसवून घेऊ लागल्या होत्या. एका ठिकाणी जे काढण्यासाठी पैसे मोजावे लागतात तेच दुसरीकडे बसविण्यासाठी मोजले जातात!

तथापि, एवढ्यावरून वाकड्या दातांचे दुःख काल्पनिक असते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात कार्डिफ येथील शाळकरी मुलांच्या टोपणनावांचा व चिडविण्याचा अभ्यास विल्यम शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. उंची, वजन आणि केस यांच्यानंतर मुले एकमेकांना दातांवरून अधिक चिडवीत असत. पण दातांवरून केलेली चेष्टा इतर चेष्टांपेक्षा अधिक झोंबते, असे त्यात दिसून आले. ‘दात्या’, ‘फावड्या’ ही नावे आपल्या शाळांतही ऐकू येतात. ती उच्चारणाऱ्याच्या दृष्टीने ती गंमत असते. ज्याला उद्देशून असतात तो मात्र वर्गात उत्तर येत असूनही तोंड उघडीत नाही.

त्याच शहरात १९८१ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या १,०१८ मुलांची तपासणी करून एक दीर्घ अभ्यास सुरू करण्यात आला. वीस वर्षांनी त्यांपैकी ३३७ जणांना पुन्हा तपासले गेले आणि मानसिक परिणामांविषयीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना उपचाराची गरज होती व ज्यांना तो मिळाला, त्यांचे दात अधिक सरळ होते आणि ते आपल्या दातांविषयी अधिक समाधानीही होते. परंतु मोठेपणीचा आत्मविश्वास किंवा एकूण मनःस्वास्थ्य उपचारामुळे सुधारले, असा भरीव पुरावा मिळाला नाही. ज्यांना गरज असूनही उपचार मिळाला नाही ती माणसे आयुष्यात खचून गेली, असेही आढळले नाही. उपचाराने दातांविषयीचे समाधान मिळते. आयुष्याविषयीचे समाधान मात्र घर, शाळा, काम आणि माणसे यांतून घडते. ‘तार लावली नाही तर मुलीचे लग्न जमणार नाही’ अशी भीती घालून उपचार विकणाऱ्यांना आणि त्या भीतीने कर्ज काढणाऱ्या पालकांना हा निष्कर्ष अवश्य ऐकविण्यासारखा आहे.

सार्वजनिक पैसा कोणावर खर्चावा हा प्रश्न ब्रिटिश आरोग्य सेवेपुढेही आला. तेथे १९८९ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीचे दोन भाग आहेत. पहिल्यात दंतारोग्याच्या दृष्टीने गरजेच्या पाच श्रेणी. दुसऱ्यात चांगल्यापासून वाईटापर्यंत क्रमाने लावलेली दातांची दहा छायाचित्रे. अठरा वर्षांखालील मुलांपैकी चौथ्या व पाचव्या श्रेणीतील मुलांवर सरकारी खर्चाने उपचार होतो. तिसऱ्या श्रेणीतील मुलाचे दात सहाव्या किंवा त्यापुढील छायाचित्राइतके सदोष असतील तरच त्याला तो लाभ मिळतो. मोजपट्टी स्वच्छ व हिशेबाला सोयीची आहे. पण तीत मुलाला काय वाटते याची नोंद होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे रुग्णांनी स्वतः भरावयाच्या प्रश्नावल्या तयार झाल्या. २००६ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या अशाच एका प्रश्नावलीत तेवीस विधाने असून दातांविषयीचा आत्मविश्वास, चारचौघांतील वावर, मनावरील ताण आणि रूपाची काळजी अशी चार अंगे त्यांतून पाहिली जातात.

उपचार कधी टाळू नये

जेथे प्रश्न केवळ रूपाचा नसतो तेथे मात्र चालढकल करू नये. वरचे दात बरेच पुढे असतील तर पडल्यावर ते दुखावण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढते. दुधाच्या दाढा किडून अकाली काढाव्या लागल्यास शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमच्या दातांना वाट उरत नाही. तेव्हा ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ हे म्हणणे महागात पडते. दुभंगलेले ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेल्या बालकास शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षे दंतव्यंगोपचाराची गरज लागते. अशी बालके हुडकण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम उपयोगी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्यावेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून तो सुरू झाला. अंगणवाड्या व शाळांतून तपासणी करणारी पथके दातांचे विकारही पाहतात. तपासणीच्या दिवशी ही मुले हजर राहतील एवढे पाहणे शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या हाती आहे.

यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत दातांवर जे पिवळे-तपकिरी डाग दिसतात ते पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे. तारेने ते जात नाहीत. त्यांचा इलाज पाणीपुरवठ्यात आहे.

विरळ दात जवळ आणण्यासाठी काही जण त्यांवर साधा रबर चढवितात. हा प्रकार घातक आहे. रबर हिरडीखाली मुळाच्या टोकाकडे सरकत जातो आणि चांगले दात हलू लागून गळून पडतात. क्ष-किरण तपासणीशिवाय टपालाने मागविलेल्या पारदर्शक साच्यांबाबतही तितकीच सावधगिरी हवी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत या उपचाराचे स्वतंत्र विभाग आहेत व तेथील आकार खाजगी दवाखान्यांपेक्षा बराच कमी असतो. मात्र दर महिन्याच्या फेरीचे एसटीचे भाडे, बुडणारी मजुरी आणि शाळेचा खाडा हाही खर्चच होय, आणि दोन वर्षांचा तो हिशेब पालकांनी आधीच मांडावा. पहिली तार बसविण्यापूर्वी डॉक्टरांनी मुलाला, शक्य तर आईवडील बाजूला असताना, एवढेच विचारावे की तुला तुझ्या दातांत काय आवडत नाही. जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून ठेवावे आणि तार निघेल त्या दिवशी पुन्हा वाचून दाखवावे.