गाडी गचके खाते? आधी मुठीचा सेन्सर तपासा



१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर गेला. आता मूठ किती पिळली हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर कळवतो, त्याप्रमाणे पेट्रोल सुटते. सेन्सर झिजला की गाडी गचके खाते. हंगामात उसाची ट्रॉली ओलांडताना असा गचका जिवावर बेतू शकतो.

तपासणी घरी होते. प्रथम मुठीची केबल पाहा. दोन-चार मिलिमीटर ढिलाई हवी. मग इंजिन बंद, चावी चालू. सेन्सरला तीन तारा : एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. जोडणी न सोडता मागच्या बाजूने मल्टिमीटरची लाल पिन सिग्नलला, काळी अर्थिंगला लावा. मूठ सोडलेली असता साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर ४ च्या आसपास दिसावा. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो. मूठ सावकाश पिळा. आकडा सलग चढला तर ठीक. मध्येच पडला तर जोडणी साफ करून पुन्हा पाहा. तरीही पडला तर सेन्सर बदलाच.

स्क्रूची छिद्रे लांबट असतील तरच सेन्सर किंचित फिरवून सुरुवातीचा आकडा जुळवावा. कंपनीने सील केलेल्या स्क्रूला मात्र हात लावू नये, ही विनंती.