एक्सप्लेनर : चढावर ई-सायकलचा गिअर ‘कडकड’ का करतो? आधी पाहा, मोटर कुठे आहे!

शहापूरहून आसनगाव स्टेशन गाठायचे असो वा मुरबाडहून सरळगाव, सपाट रस्त्यावर ई-सायकल निमूट धावते. खरी परीक्षा चढावर होते. वेग पडतो, घाईत गिअर बदलला जातो, ‘कडकड’ आवाज येतो आणि चेन उतरते, कधी तुटतेही. टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या रस्त्यावर असे झाले, तर सायकल ढकलत नेण्याशिवाय पर्याय उरत नाही. हे टाळायचे कसे? समजून घेऊया.

मोटर कुठे आहे, हे कसे ओळखायचे?
मागच्या चाकाच्या मधोमध जाड डबा असेल आणि त्यात वायर जात असेल, तर ती हब मोटर. दोन पेडलांच्या मध्ये फुगीर भाग असेल, तर ती मिड-ड्राइव्ह मोटर. आपल्याकडच्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक ई-सायकलींना मागे हब मोटर असते.

यामुळे फरक काय पडतो?
हब मोटर थेट चाक फिरवते. चेनवर फक्त तुमच्या पायांचा जोर येतो. मिड-ड्राइव्हमध्ये मात्र पायांचा आणि मोटरचा, असा दोघांचा जोर एकाच चेनवरून मागे जातो. त्या ताणात गिअर बदलला, की चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकण्याऐवजी ओढली जाते. दात झिजतात आणि चेनची कडी कमकुवत होते.

मिड-ड्राइव्ह असेल तर...
- चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घ्या. चढाच्या मध्यावर वाट पाहू नका.
- एका वेळी एकच गिअर बदला.
- पेडल फिरते ठेवा, पण क्षणभर पायांचा जोर काढा. पेडल थांबले, तर गिअर पडतच नाही.
- काही मोटर जोर काढल्यावरही थोडा वेळ ओढत राहतात. ब्रेकच्या लिव्हरला मोटर बंद करणारा स्विच असेल, तर लिव्हर हलकेच दाबून मग गिअर बदला.

हब मोटर असेल तर गिअरची गरज काय?
गरज आहेच. समजा, स्वार आणि सायकल मिळून वजन १०० किलो आहे आणि दर १०० मीटरला रस्ता ६ मीटर चढतो. मोटरने पूर्ण २५० वॉट दिले, तरी गणिताने वेग ताशी १४-१५ किमीपुढे जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत लायसन्स आणि नोंदणीतून सूट असलेल्या ई-सायकलची मोटर २५० वॉटपेक्षा कमीच असते. म्हणजे उरलेला जोर पायांनीच द्यायचा.

हब मोटरला गिअरचा फायदा मिळत नाही. जड गिअरमुळे पाय अडखळले, की चाक मंदावते. मंद चाकावर मोटर जास्त करंट खेचते, तापते आणि बॅटरी लवकर उतरते. हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवून वेग टिकवला, तर मोटरलाही आराम मिळतो. मात्र पाय पोकळ फिरत असतील, तर एक गिअर जड करा. नाहीतर सगळे ओझे मोटरवरच राहते.

आणखी एक चूक थ्रॉटलवर होते. पेडल न फिरवता गिअरचे लिव्हर दाबले, तर चेन जागची हलत नाही. मग पाय मारताच ती खाडकन उडते.

थांबताना काय करावे?
थांबण्याआधीच गिअर हलका करून ठेवा. जड गिअरमध्येच थांबलात, तर मोटर बंद करा, मागचे चाक उचला आणि हाताने पेडल फिरवत गिअर बदला.

पावसाळ्यात काळजी
भातखाचरांजवळच्या चिखलाच्या रस्त्यावरून आल्यावर चेन पुसून, सुकवून तेल द्या. मोटरवर किंवा वायरच्या जोडावर प्रेशरने पाणी मारू नका.

थोडक्यात : मोटर कुठेही असो, गिअर बदलताना पेडल फिरते आणि पाय हलका हवा. हब मोटरमध्ये ही सवय मोटरचा ताण कमी करते, तर मिड-ड्राइव्हमध्ये चेन वाचवते.